लोकप्रिय संगीत व ग्रामीण युवकजीवन
लोकप्रिय संगीत व ग्रामीण युवकजीवन : ध्वनिमुद्रिका, चित्रपट, आकाशवाणी, ध्वनिफीत इ. साधनांच्या द्वारा मोठ्या समुदायापर्यंत पोहोचणारे, मुख्यतः विक्रीसाठी निर्माण होणारे आणि अल्पावधीत सर्वांच्या तोंडी होणारे संगीत म्हणजे लोकप्रिय संगीत होय. लोकसंगीताप्रमाणे ते समूहाच्या नित्य व्यवहारातून उपजत नाही. तसेच शास्त्रीय संगीताप्रमाणे त्याच्या आस्वादासाठी विशेष शिक्षणाची गरज नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर (१९३९–४५) या संगीताने पौगंडावस्थेतील, म्हणजे साधारणपणे १३ ते १९ वर्षे वयाच्या, मुलामुलींच्या वर्तनावर व मूल्यकल्पनांवर कोणता परिणाम केला, हा समाजशास्त्र व संगीतशास्त्र या दोहोंच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. या विषयीचे बहुतेक सिद्धांत पाश्चात्त्य औद्योगिक समाजाच्या निरीक्षणावर आधारलेले आहेत. प्रस्तुत नोंदीत त्यांचा संक्षेपाने परामर्श घेऊन, पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांच्या आधारे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या परिणामाचे स्वरूप काय राहिले, याचा विचार केला आहे.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : बाल्य व प्रौढत्व यांच्या दरम्यानची एक स्वतंत्र अवस्था म्हणून पौगंडावस्थेची शास्त्रीय चर्चा जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९०४ मधील ग्रंथापासून विशेषत्वाने सुरू झाली. तथापि या वयाच्या मुलांचा स्वतंत्र सामाजिक वर्ग ठळकपणे दिसू लागला तो महायुद्धोत्तर काळात. अमेरिकेत माध्यमिक शिक्षणाचा प्रसार झाल्यामुळे ही मुले दिवसाचा मोठा भाग समवयस्कांच्या सहवासात घालवू लागली. आर्थिक भरभराटीमुळे त्यांच्या हाती खर्चासाठी पैसा आला. आणि १९४९ मध्ये निघालेली मिनिटास ४५ फेरे घेणारी लहान व स्वस्त ध्वनिमुद्रिका व १९५४ मध्ये बाजारात आलेला खिशात मावणारा ट्रांझिस्टर यांमुळे घरातील वडीलधाऱ्यांपासून दूर बसून संगीत ऐकणे त्यांना शक्य झाले. १९५५ च्या सुमारास बिल हेली व त्यानंतर एल्व्हिस प्रेस्ली (१९३५–७७) यांनी लोकप्रिय केलेले ‘रॉक अँड रोल’ हे संगीत या वर्गाचे स्वतःचे संगीत ठरले. त्याचे मूळ कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ या गानप्रकारात असल्याने गोऱ्या मुलांनी ते आपलेसे करणे, हाच वर्णभेदाच्या रूढ चौकटीस एक धक्का होता. केशरचना, पेहराव, नृत्य व बोलभाषा यांतून या संगीताची खूण प्रकट होऊ लागली. १९६० नंतरच्या दशकात ‘बीटल्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने ही लाट जगभर पसरविली आणि युद्धविरोध, लैंगिक नीतीविषयीची मोकळीक व अधिकारसत्तेविषयीचा अविश्वास यांच्याशी या संगीताचे नाते जुळले.

या परिणामाच्या मीमांसेत मतभेद आहेत. टेओडोर आडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञाने १९४१ मध्येच असे प्रतिपादिले होते, की साचेबंद लोकप्रिय संगीत श्रोत्याला निष्क्रिय व आज्ञाधारक बनविते. उलट डेव्हिड रीझमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये दाखवून दिले, की तरुण श्रोते एकजिनसी नसतात. बहुसंख्य केवळ जे चालू आहे ते ऐकतात, तर एक अल्पसंख्य गट चोखंदळपणे निवड करून त्याच संगीताचा उपयोग आपले वेगळेपण व्यक्त करण्यासाठी करतो. जेम्स कोलमन याने १९६१ मध्ये अमेरिकन शाळांच्या पाहणीवरून समवयस्कांच्या स्वतंत्र समाजाचे चित्र रेखाटले. या सर्व विवेचनांत तीन गोष्टी गृहीत आहेत : तरुणाला स्वतःचा रिकामा वेळ आहे, स्वतःचा पैसा आहे आणि संगीत ऐकण्याचे स्वतःचे साधन आहे. भोर व वेल्हे या भागात या तीनही गोष्टी एकाच वेळी आल्या नाहीत. त्या वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या घरांत आणि मुलगे व मुली यांना अत्यंत विषम प्रमाणात मिळाल्या. त्यामुळे येथील परिणामाची दिशाही वेगळी राहिली.

प्रदेश व समाज : भोर हे नीरा नदीच्या काठी वसलेले गाव पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी होते. १९४८ मध्ये संस्थान तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. भोरच्या वायव्येस राजगड व तोरणा या किल्ल्यांच्या परिसरात वेल्हे तालुका असून, त्याचे नाव ‘राजगड’ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सु. १ लाख ८६ हजार व वेल्हे तालुक्याची सु. ५४ हजार होती. सह्याद्रीच्या रांगा, जोरदार पाऊस, भात व नाचणीची उताराची शेती आणि दूरवर विखुरलेल्या वाड्यावस्त्या हे या प्रदेशाचे स्वरूप होय. येळवंडी नदीवरील भाटघर (१९२८) व आंबी नदीवरील पानशेत यांसारख्या धरणांचे पाणी मुख्यतः खालच्या बाजूच्या मैदानी प्रदेशास व पुणे शहरास मिळाले. डोंगरातील कुटुंबांना मात्र पोटासाठी बाहेर पडावे लागले. मुंबईच्या कापडगिरण्या, गोदी व बाजारपेठा आणि पुढे पुण्याभोवतालचे कारखाने येथे या भागातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. गिरणगावात एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेली ‘गावकीची खोली’ हे गावाचेच शहरातील दुसरे ठाणे असे.

जुनी संगीतव्यवस्था : या समाजात पौगंडावस्थेला स्वतंत्र नाव नव्हते. मुलगा ‘पोरसवदा’ असे, मग एकदम ‘तरणा’ व ‘कर्ता’ होई. मुलगी ‘वयात आली’ की ‘उपवर’ ठरे. १९२९ च्या कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीसाठी १४ व मुलासाठी १८ केले. १९४९ मध्ये मुलीचे वय १५ करण्यात आले आणि १९७८ मध्ये ते अनुक्रमे १८ व २१ वर्षे झाले. प्रत्यक्षात कायद्याच्या पुष्कळ मागे असलेली रूढी लक्षात घेता, मुलींच्या बाबतीत बालपण व संसार यांमध्ये अंतर जवळजवळ नव्हतेच. साहजिकच केवळ तरुणांचे असे संगीतही नव्हते. भजन, भारूड, गोंधळ, जागरण, धनगरांची गजी, ढोल-लेझीम, जत्रेतील तमाशा हे सर्व प्रकार गावाचे असत व त्यांत वयाप्रमाणे प्रत्येकाची जागा ठरलेली असे. मुलगा वडिलांच्या मागे टाळ घेऊन उभा राही. मुलगी आईच्या समोर जात्याला हात लावून ओवी शिके. गाणे हे ऐकावयाचे नसून मुख्यतः म्हणावयाचे होते.

नव्या साधनांचा प्रवेश : डोंगरी गावांत लोकप्रिय संगीत प्रथम आले ते खाजगी साधनाने नव्हे, तर सार्वजनिक रीतीने. लग्न, सत्यनारायणाची पूजा, जत्रा किंवा निवडणूक अशा प्रसंगी भाड्याने आणलेला ध्वनिक्षेपक, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘कर्णा’, झाडावर अथवा घराच्या कौलांवर बांधला जाई व बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका वाजविल्या जात. कोणते गाणे लावायचे हे यंत्र चालविणारा तरुण ठरवी; वडीलधाऱ्यांच्या सभेत एखाद्या पोराच्या निवडीला मान मिळण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असे. जत्रांमधून तंबूत दाखविल्या जाणाऱ्या फिरत्या चित्रपटांनी या गीतांना चेहरे दिले. अनंत माने दिग्दर्शित सांगत्ये ऐका (१९५९) हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यासारख्या तमाशाप्रधान चित्रपटांनी लावणीला शहरात स्थान मिळवून दिले. त्याच वेळी चित्रपटातील लावणी हाच खेड्यातील फडापुढचा आदर्श ठरू लागला.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. नभोवाणीकडे पाहण्याची शासनाची दृष्टी आणि तरुण श्रोत्यांची ओढ यांत प्रारंभापासून तफावत होती. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना (१९५२–६२) शास्त्रीय संगीताला प्राधान्य देऊन चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार करण्यात आली. त्याचा परिणाम असा झाला, की श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोनकडे वळले व तेथून १९५२ पासून प्रसारित होणारा, अमीन सयानी (१९३२–२०२४) यांनी सादर केलेला ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम देशभर गाजला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ ही मनोरंजनपर सेवा आकाशवाणीला सुरू करावी लागली. दरम्यान १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. त्यात पुणे जिल्ह्याचाही समावेश होता. शेती, आरोग्य व ग्रामव्यवस्था यांवरील वीस कार्यक्रम गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावेत व त्यांवर चर्चा करावी, अशी ही योजना होती. प्रौढांच्या दृष्टीने ती उपयुक्त ठरली. पण तरुणांना रेडिओ हवा होता तो गाण्यांसाठी. याच काळात पुणे केंद्रावरून १९५५–५६ मध्ये प्रसारित झालेल्या ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने मात्र या दोन ओढींचा मेळ घातला. ५६ गीतांच्या या मालिकेने कुटुंबातील सर्व वयांच्या माणसांना एकाच वेळी रेडिओपुढे बसविले.

ट्रांझिस्टर विजेवाचून घटांवर चालत असल्याने वीज पोहोचण्यापूर्वीच तो डोंगरातील वस्त्यांवर आला. तो प्रायः मुंबईला नोकरीस असलेल्या भावाने किंवा चुलत्याने शिमग्याला अथवा गावच्या जत्रेला येताना आणलेला असे. त्यामुळे येथे संगीताचे साधन तरुणाच्या स्वतःच्या पैशातून न येता कुटुंबाच्या स्थलांतरातून आले आणि त्याच्यावर घराचा, किंबहुना आळीचा, हक्क राहिला. गुराख्याच्या खांद्यावर किंवा भाताच्या खळ्यावर तो वाजे, तरी तो एकट्याने ऐकण्याची वस्तू नव्हती. याच काळात फर्माईशी गीतांच्या कार्यक्रमांना पोस्टकार्ड पाठविण्याची प्रथा रूढ झाली. एरवी बापाच्या किंवा भावकीच्या नावाने ओळखला जाणारा मुलगा स्वतःच्या नावाने आकाशवाणीवरून उच्चारला जाई. व्यक्ती म्हणून आपली नोंद कोठे तरी होते, ही जाणीव गीताच्या आशयाइतकीच परिणामकारक होती.

दादा कोंडके यांचे उदाहरण : भोरचा डोंगर व मुंबईचे गिरणगाव यांच्यातील संगीताच्या देवघेवीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कृष्णा ऊर्फ दादा कोंडके (१९३२–९८) होत. त्यांचे घराणे मूळचे भोर तालुक्यातील इंगवली गावचे. त्यांचा जन्म मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या चाळीत झाला. बँडपथक व सेवादलाचे कलापथक यांतून ते रंगभूमीवर आले आणि वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा या लोकनाट्याने प्रसिद्धीस पावले. सोंगाड्या (१९७१) या त्यांच्या चित्रपटाचा विषयच प्रस्तुत चर्चेशी निगडित आहे : नाम्या हा भोळा खेडूत तरुण तमाशाच्या नादी लागतो व त्याची आई त्याला घराबाहेर काढते. तरुणाचे गाण्याचे वेड व घराची अब्रू यांच्यातील हा संघर्ष प्रेक्षकांच्या परिचयाचा होता. चित्रपटाने तो विनोदाच्या अंगाने हाताळला व सहानुभूती मात्र नाम्याच्या पदरात टाकली. हिंदी चित्रपटातील सुटाबुटातल्या नायकाऐवजी लोंबत्या नाडीच्या अर्ध्या विजारीतला, गावरान बोलणारा नायक पडद्यावर गाऊ लागल्याने, आपली भाषा केवळ हसण्याजोगी नाही, हा प्रत्यय खेड्यातील व चाळीतील मुलांना आला. पांडू हवालदार (१९७५) पासून राम–लक्ष्मण यांनी त्यांच्या चित्रपटांना दिलेल्या संगीताने ही गीते जत्रा, लग्ने व गणेशोत्सव यांतून घरोघर पोहोचली. त्यांतील द्व्यर्थी शब्दांवर शिष्ट वर्गाने सतत टीका केली. या टीकेत तथ्य होते, कारण स्त्रीदेहाची चेष्टा हा अशा विनोदाचा नित्याचा आधार होता. तथापि तमाशाच्या बतावणीत ही परंपरा पूर्वीपासूनच होती. नवीन इतकेच, की फडापुढे केवळ पुरुष ऐकत ते आता ध्वनिक्षेपकामुळे सर्व गाव, मुलींसह, ऐकू लागले.

वर्तनातील बदल : पेहराव व केशरचना यांतील बदल सर्वांत आधी नजरेस आला. टोपीचा त्याग, भांग पाडून वाढविलेले केस, लांब कल्ले, १९७० नंतरच्या दशकातील ‘बेलबॉटम’ विजार या गोष्टी चित्रपटगीतांच्या बरोबरीने आल्या व ‘पोरगा सिनेमाच्या नादाने बिघडला’ हे वडीलधाऱ्यांचे ठरीव वाक्य झाले. तथापि येथील तरुणांनी पाश्चात्त्य तरुणांप्रमाणे घराबाहेरचा स्वतंत्र समाज उभारला नाही. त्यांनी गावातील जुन्या संस्थांच्या आत आपली जागा निर्माण केली. भजनी मंडळात चित्रपटगीतांच्या चालींवर अभंग व गवळणी म्हणण्यास प्रारंभ झाला. देवीच्या गीतांचेही तसेच झाले. भोरहूनही ज्या गडावर वाट जाते त्या मांढरदेवच्या काळूबाईची गीते चित्रपटाच्या चालींवर रचली गेली व पुढे ध्वनिफितींवर मोठ्या प्रमाणात विकली गेली. जत्रेतील तमाशात तरुण प्रेक्षक हिंदी गाण्यांची फर्माईश करू लागल्याने वग मागे पडून गीतनृत्यांचा भाग वाढला. ढोल-लेझीमचे ताफे गावाबाहेर पुण्याच्या गणेशविसर्जन मिरवणुकीपर्यंत जाऊ लागले. तरुण मंडळे, त्यांची वर्गणी व त्यांचा वाद्यखर्च हा गावच्या अर्थकारणाचा एक भाग झाला.

मूल्यांतील बदल : मूल्यांवरील परिणाम अधिक सावकाश व अधिक गुंतागुंतीचा होता. चित्रपटगीतांचा मुख्य विषय प्रेम हा होता. जेथे विवाह कुळ, भावकी, देणेघेणे व शेतीची गरज यांवरून ठरत, तेथे स्वतःच्या पसंतीचा विचार मांडण्यास या गीतांनी शब्द पुरविले. बहुतेकांच्या बाबतीत हे शब्द मनातच राहिले. जातीबाहेरचा किंवा भावकीविरुद्धचा विवाह करण्याचे सामर्थ्य गाण्यातून येत नाही. ते शिक्षण, नोकरी व शहरातील निवारा यांतून येते. मात्र मुलीची पसंती विचारणे, लग्नापूर्वी मुलामुलीने एकमेकांना पाहणे व बोलणे यांसारखे मर्यादित बदल सामान्य झाले. त्यांच्या कारणांत गीतांचा वाटा शिक्षण व नोकरी यांच्या खालोखाल मानावा लागतो.

आत्मसन्मान हे दुसरे मूल्य होय. याबाबतीत चित्रपटगीतांपेक्षा चळवळीच्या गीतांचे कार्य मोठे आहे. अमर शेख (१९१६–६९) व अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) यांच्या शाहिरीने गिरणगावातील तरुण कामगारांना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ओढले आणि सुट्टीवर येणाऱ्या कामगारांबरोबर ती गावी आली. ऑक्टोबर १९५६ मधील धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रभरच्या दलित वस्त्यांत वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आदींची भीमगीते म्हटली जाऊ लागली. त्यांच्या चाली अनेकदा चित्रपटाच्या किंवा कव्वालीच्या असत; आशय मात्र शिकण्याचा, संघटित होण्याचा, हलकी गावकामे नाकारण्याचा होता. एकाच चालीवर एक तरुण शृंगार गुणगुणत असे, तर दुसरा समतेची प्रतिज्ञा. या उदाहरणावरून संगीताचा परिणाम केवळ त्याच्या स्वररचनेत शोधणे व्यर्थ आहे, हे स्पष्ट होते. प्रादेशिक अभिमान हे तिसरे मूल्य. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, निघालेल्या शिवकल्याण राजा या ध्वनिमुद्रिकेसारख्या निर्मितींनंतर शिवगीते शिवजयंतीच्या मिरवणुकांत नित्याची झाली. राजगड व तोरणा ज्यांच्या डोळ्यांपुढे होते त्या तरुणांना आपला दुर्गम तालुका मागास नसून इतिहासाचे केंद्र आहे, ही भावना या गीतांनी दिली.

मुली व ओवी : आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः मुलग्यांना लागू पडते. कर्ण्याजवळ, तंबूत, तमाशाच्या फडापुढे किंवा मिरवणुकीत मुलीला प्रवेश नव्हता अथवा तो कुटुंबाच्या नजरेखाली होता. चित्रपटाचे गाणे मोठ्याने म्हणणाऱ्या मुलीला ‘उठवळ’ म्हटले जाई. तेच गाणे म्हणणारा भाऊ ‘हौशी’ ठरे. नव्या संगीताने मुलग्यांचा वावर वाढविला, मुलींचा तसा वाढविला नाही. उलट त्याच काळात त्यांच्याकडे असलेले एक साधन नाहीसे होऊ लागले. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या तसतसे पहाटेचे दळण थांबले व दळणाबरोबर जात्यावरची ओवीही थांबली. दळणाचे कष्ट संपले याचे दुःख कोणत्याही स्त्रीने मानण्याचे कारण नाही. परंतु त्या कष्टाच्या आडोशाने मिळणारी बोलण्याची मुभाही गेली. माहेर, सासर, भाऊ, नवऱ्याचा राग, विठ्ठल, सीतेचा वनवास व आंबेडकर अशा कितीतरी विषयांवर स्त्रिया ओवीत स्वतःच्या नावाने बोलत आणि सोळा वर्षांची सून त्यात आपली ओळ घालू शके.

या लोप पावत चाललेल्या ठेव्याच्या संकलनास गी प्वातवाँ व हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागातील गरिबांच्या संघटनकार्यातून १९८० नंतरच्या दशकात चालना दिली. गावातील स्त्रियांनीच संकलक म्हणून काम केले. पुढे महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या व त्यांतील निवडक ओव्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावरून ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध झाल्या. हा संग्रह मोलाचा आहे. पण गाणाऱ्या स्त्रिया प्रायः प्रौढ व वृद्ध होत्या. त्यांच्या मुली व नाती ओवी ऐकत असल्या, तरी ती रचीत नव्हत्या. रेडिओ व दूरचित्रवाणी यांनी मुलींना घरात बसून बाहेरचे जग दाखविले, शिक्षणाची व नोकरीची आकांक्षा जागविण्यास मदत केली, हे खरे. मात्र ‘मी’ म्हणून बोलण्यासाठी त्यांना मिळालेले शब्द दुसऱ्याने लिहिलेले होते.

ध्वनिफीत ते भ्रमणध्वनी : मुंबई दूरचित्रवाणीचे कार्यक्रम १९७३ पासून सिंहगडावरील प्रक्षेपकावरून पुणे परिसरात दिसू लागले. १९८० नंतरच्या दशकात स्वस्त ध्वनिफितींनी संगीताच्या व्यापाराचे विकेंद्रीकरण केले. मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीबाहेर प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४), विठ्ठल उमप (१९३१–२०१०) आदींची भक्तिगीते, लोकगीते व भीमगीते खेड्यांपर्यंत गेली आणि स्थानिक गायकांनाही आपली फीत काढणे आवाक्यात आले. याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपानंतर मुंबईचा आधार तुटला. अनेक कामगार गावी परतले व त्यांच्या मुलांची दृष्टी पुण्याच्या कारखान्यांकडे आणि सेवाव्यवसायांकडे वळली. स्वतःच्या पैशाने स्वतःचे साधन घेणारा तरुण या भागात खऱ्या अर्थाने यानंतर दिसू लागला. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे भ्रमणध्वनी हे प्रत्येकाचे खाजगी गाण्याचे साधन बनले. पाश्चात्त्य तरुणाला १९५४ च्या सुमारास मिळालेला एकांत येथील तरुणाला व काही प्रमाणात तरुणीला सुमारे साठ वर्षांनी मिळाला.

दुसरीकडे सार्वजनिक संगीताचा आवाज वाढत गेला. मिरवणुकीतील ढोल व बँड यांची जागा प्रचंड ध्वनिवर्धकांच्या ‘डीजे’ने घेतली. ध्वनिप्रदूषण नियम (२०००) व रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ मधील निर्णय यांमुळे या प्रथेला कायद्याची मर्यादा आली. तिचे पालन हा मात्र सर्वत्र वादाचा विषय झाला. नागराज मंजुळे यांचा सैराट (२०१६) हा चित्रपट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. आंतरजातीय प्रेमामुळे होणाऱ्या हत्येवर बेतलेल्या या चित्रपटातील अजय–अतुल यांच्या संगीतावर महाराष्ट्रातील वराती व मिरवणुका नाचल्या. परंतु ज्या वरातीत ते गीत वाजले त्या वरातीतील विवाह बहुधा जातीतलाच होता. गीताचा ताल स्वीकारणे व त्यामागील मूल्य स्वीकारणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

मूल्यमापन : भोर व वेल्हे यांच्या उदाहरणावरून काही निष्कर्ष काढता येतात. लोकप्रिय संगीत तरुणांना बिघडविते किंवा मुक्त करते, ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. संगीताने येथे आकांक्षांना शब्द दिले. त्या आकांक्षा पुऱ्या होणे शाळा, रस्ता, रोजगार, विवाहाचे वय व जात यांवर अवलंबून राहिले. पाश्चात्त्य देशांत या संगीताने तरुणांना वडीलधाऱ्यांपासून वेगळे केले. येथे ते जत्रा, भजनी मंडळ व गावकी यांच्या आत शिरले व त्यांना आतून बदलीत गेले. सर्वांत दूरगामी बदल मात्र वेश किंवा वर्तन यांत नसून गाण्याशी असलेल्या नात्यात घडला. जो समाज गाणे म्हणत व रचीत होता तो मुख्यतः ऐकणारा झाला आणि या बदलाची अधिक किंमत मुलींनी मोजली. स्वस्त ध्वनिमुद्रणामुळे रचण्याची संधी आता पुन्हा तरुणांच्या हाती आली आहे. ज्या आजीची ओवी ध्वनिमुद्रित झाली तिच्या नातीला स्वतःचे गाणे सर्वांसमोर म्हणण्याची मोकळीक मिळते की नाही, यावर या संधीचे खरे मोल ठरेल.